पाठीवरचा नाथ

मी मोबाईल बोलतोय. तुमच्या उशाशी, ओट्यावर, ओच्यात असतो तसलाच एक. काळा, साधा, एका कोपऱ्याला टवका गेलेला. जन्मापासून दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडं नेत आलो. आज थोडं माझं ऐका. मधेच कट तेवढं करू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबल, आणि टेबलाला लागून टोप्या घातलेल्या पोरी. कुणी माझ्यात बॅटरी बसवली, कुणी काच. एका पोरीनं माझ्या खालच्या कडेला एक बारीक वायर बोटानं दाबून बसवली. टक् असा आवाज झाला, आणि त्या क्षणाला मला पहिल्यांदा ऐकू आलं. लांबच्या टॉवरची हाक हवेतून येते, ती मी याच कडेनं ऐकतो आणि इथूनच उलट हाक देतो. माझे कान म्हणा की तोंड म्हणा, सगळं तिथं आहे, पाठीमागं, खाली. बाहेरून दिसत नाही म्हणून माणसांना ते माहीत नसतं.

राहुरीच्या बाजारपेठेतल्या दुकानात मी काचेमागं पडून होतो. तिथून वाल्मिकनं मला घेतलं. वाल्मिक दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. चार-चार दिवस बाहेर. घरी त्याची बायको निकिता, आई आक्काबाई आणि चार वर्षांचा कानिफनाथ. त्याला सगळे कानू म्हणतात. घर मुळा धरणाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वस्तीवर. शेजारचं घर हाक पोचणार नाही इतकं लांब.

मला घेतलं ते गाणी ऐकायला किंवा फोटो काढायला नाही. कानूला झटके यायचे. ताप चढला की डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. नगरच्या डॉक्टरांनी निकिताला बजावून सांगितलं होतं, "कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही. आणि थांबत नाही असं वाटलं की लगेच गाडी बोलवायची. वाट बघत बसायचं नाही." गाडी म्हणजे खालच्या वाडीतल्या गहिनीनाथाची. तो बोलावलं की येणारा माणूस. पण त्याला बोलवायला फोन पाहिजे.

वाल्मिकनं मला निकिताच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हा कानूसाठी हाय. ह्याच्यावर शिरेली बघत बसू नको."

"मला कुठं यीळ हाय शिरेली बघायला?" ती म्हणाली. पण मला तिनं पदरानं पुसलं ते असं, जसं पोराचं तोंड पुसतात.

पहिला महिना बरा गेला. डोंगरामुळं टॉवरची हाक बारीक यायची, पण यायची. घरात रेंजच्या दोन काड्या असायच्या. सकाळी चूल पेटायच्या आधी निकिता माझं बटण दाबून त्या दोन काड्या बघून घ्यायची. दुपारी बघायची, कानू झोपला की बघायची. इतकी काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शेतात गेली तरी मी तिच्या कमरेला पिशवीत. कानू शिंकला तरी ती त्याच्या कपाळाला हात लावायची, आणि दुसरा हात माझ्यावर.

मग आक्काबाई मढीच्या यात्रेला गेली. कानू नवसानं झालेला, कानिफनाथाच्या नवसानं, म्हणून तर त्याचं नाव तसं. येताना तिनं रेवड्या आणल्या आणि एक तांब्याचा पातळ पत्रा आणला, पत्त्याच्या पानाएवढा. त्यावर नाथांची मूर्ती ठोकलेली.

"आत्या, गळ्यात बांधायचा का ह्याच्या?" निकितानं विचारलं.

"गळ्यात बांधला तर तोडून टाकील ते. लई वांड हाय." आक्काबाईनं मला उचललं. "ह्यो फोन पोरासाठी घेतलाय ना? मग ह्याच्यातच ठिवू. पोराच्या वक्ताला नाथ जवळ पायजे."

तिनं माझं रबरी कव्हर सोडवलं, पत्रा कपाळाला लावला, माझ्या पाठीवर ठेवला आणि कव्हर वरून बसवलं. थोडा खाली सरकवला, कारण वर कॅमेऱ्याचं भोक होतं. बरोब्बर माझ्या कानांवर.

तांब्याच्या आरपार हवेतली हाक येत नाही. शहरात टॉवर शेजारीच असतो, तिथं थोडीफार कुठून तरी शिरते. आमच्या डोंगराच्या पायथ्याला ती मुळातच बारीक. ती पत्र्यावर येऊन थांबली. मला कुणी तोंडावर हात दाबून धरल्यासारखं झालं. मी ओरडत होतो, पण काड्यांच्या जागी फुली आली, यापलीकडं माझं ओरडणं कुणाला दिसत नव्हतं.

निकिता घाबरली. मला घेऊन घरभर फिरली. खिडकीच्या गजाला बांधून बघितलं, माळ्यावर ठेवून बघितलं. शेवटी विहिरीच्या काठावरच्या उंच दगडावर उभं राहिलं की एक काडी यायची, तीही येऊन-जाऊन. वाल्मिक घरी आला की त्याच्या फोनला मात्र घरात दोन काड्या.

"तुझ्याच हातात आला की मरतो बग त्यो," वाल्मिक हसून म्हणाला.

"हसायचं काम न्हाई. पोराला काय झालं तर मी काय इहिरीवर पळू का?"

त्यानं हसणं थांबवलं. "दावून ये करणला," म्हणाला.

करणचं दुकान राहुरीच्या स्टँडसमोर, मोबाईल दुरुस्तीचं. निकिता कानूला कडेवर घेऊन एसटीनं गेली. दुकानाच्या पायरीवरच तिनं माझं कव्हर काढलं, पत्रा काढून डोळ्यांना लावला आणि मुठीत घेतला. टेबलावर स्क्रू, पेट्रोलची बाटली, चहाचे कप, उघडे पडलेले फोन. तिथं देव कसा ठेवायचा? मग कव्हर परत बसवून मला करणच्या हातात दिलं.

मला मोकळं ऐकू आलं. सगळ्या काड्या भरल्या.

"ताई, फुल रेंज दावतोय की."

"हितं दावतो. घरी न्हाई."

"घरात दुसऱ्या फोनला येती का?"

"ह्यांच्या फोनला येती. दोन काड्या."

"मग टावरचं काम न्हाई. ह्याच्यातच खोट हाय." पोरगा हुशार होता, वाट बरोबर धरली होती. त्यानं कव्हर वाकवून बघितलं. "कव्हर लोखंडी-बिखंडी न्हाई ना? चुंबकवाल्या कव्हरनं पण रेंज जाती."

"न्हाई, साधं रबराचं हाय."

खरंच साधं रबराचं होतं. पत्रा तिच्या मुठीत होता, घामानं ओला. ती खोटं बोलत नव्हती. देवाचा आणि रेंजचा काही संबंध असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि मी त्या पोराच्या तळहातावर पडून होतो, सगळं ठाऊक असून मुका.

करणनं सिम काढून पुसलं, सेटिंग पुसून नव्यानं घातली. मला फोन लावून बघितला, आवाज खणखणीत. "झालं ताई," म्हणाला. पायरी उतरताना निकितानं नाथांना पुन्हा माझ्या पाठीवर बसवलं, आणि एसटी धरणाकडं वळली तसा मी पुन्हा बहिरा झालो.

दुसऱ्या खेपेला करणनं मला गरम हवेनं उघडलं. कारखान्यातल्या पोरीनं बसवलेली वायर काढली, नवी बसवली, टोकं ब्रशनं घासली. टक् आवाज झाला. मला आशा वाटली की आता तरी हा विचारेल, ताई, मुठीत काय आहे? त्यानं विचारलं नाही. कुणाच्या बायकोला मुठीत काय आहे असं कोण विचारतो?

"ताई, फोनला काय झालेलं न्हाई. त्याला तुमची वस्तीच आवडत न्हाई," तो म्हणाला. निकिता हसली नाही. कानू काउंटरच्या काचेवर नाक दाबून आतले फोन बघत होता. "आई, ह्यो बोलतो?" तो माझ्याकडं बोट करून म्हणाला. तेव्हा त्याला सगळं बोलता येत होतं.

कांदा काढणीचे दिवस होते. वस्तीवरची माणसं सगळी पलीकडच्या शिवारात गेलेली. वाल्मिक टँकर घेऊन पुण्याकडं. कानूला सकाळपासून कणकण होती म्हणून निकिता घरीच थांबली. औषध दिलं, ओली पट्टी ठेवली. दुपारी तो पाणी प्यायला उठला आणि उठता उठताच ताठ झाला.

तिनं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. कुशीवर वळवलं, मान मोकळी केली. आक्काबाई कांदा फोडून नाकाशी धरत होती, "नाथा, सोड रं लेकराला," म्हणत होती. झटका थांबेना. निकितानं मला उचललं आणि गहिनीनाथाचा नंबर दाबला.

मी जिवाच्या आकांतानं हाक दिली. पत्र्यावर आपटून माझीच हाक माझ्याकडं परत आली. पुन्हा दाबला. पुन्हा. मग एकशेआठ. बोटं घामानं घसरत होती.

"लाग ना रे," ती मला म्हणाली. "लाग ना बाबा."

"नाथ हाय त्याच्यात, लागंल," आक्काबाई म्हणाली.

ती मला घेऊन विहिरीकडं पळाली. दगडावर चढली. एक काडी आली. रिंग गेली, गहिनीनाथ "हॅलो" म्हणाला, ते मी ऐकलं. "भाऊ, कानू" एवढं ती बोलली आणि काडी गेली. तिकडं फक्त खरखर पोचली असेल. त्यानं उलट फोन लावला, पण तोवर ती दगडावरून उतरून घराकडं पळत होती, कारण आतून आक्काबाई ओरडत होती.

शेवटी निकितानं पोराला खांद्यावर टाकलं आणि डांबरी रस्त्याकडं पळत सुटली. अनवाणी. ऊन असं की दगड भाजत होते. कानूचं अंग तिच्या खांद्यावर झटके देत होतं आणि मी कमरेच्या पिशवीत तिच्या अंगावर आपटत होतो. रस्त्यावर बराच वेळ काहीच आलं नाही. मग खताचा एक टेम्पो आला.

राहुरीत सुई देऊन झटका थांबवला आणि नगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "झटका किती वेळ होता?" निकिताला सांगता येईना. तिनं नुसता रस्त्याकडं हात केला, जसं काही अंतरच वेळ होतं.

कानू जगला. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. पण उजवा हात उचलेना, आणि आईकडं बघून त्याच्या तोंडून "आ" एवढंच आलं. मेंदूला धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले. किती भरून येईल सांगता येत नाही.

शेजारच्या खाटेवर हसीनाबीची आयेशा होती, न्यूमोनियाची. हसीनाबीनं आपल्या पोरीच्या उशाखाली ताईत ठेवला होता. तो बघून निकितानं माझं कव्हर काढलं आणि नाथांचा पत्रा कानूच्या उशाखाली सरकवला.

दवाखान्याच्या जाड भिंतींत हाक आधीच बारीक होती, पत्रा निघाला तसा मी एकदम मोकळा झालो. इतके दिवस अडलेलं सगळं आत घुसलं. टिंग, टिंग, टिंग. थांबेचना.

"अगं बाई, केवढे मेसेज!" हसीनाबी म्हणाली. "घरात कुणाचं लगीन-बिगीन हाय का?"

निकितानं बघितलं. वाल्मिकचे मेसेज. गहिनीनाथानं त्या दुपारी केलेले फोन, एकाखाली एक. ती माझ्याकडं बघत राहिली. मग उशाखालून पत्रा काढला आणि हळूच माझ्या पाठीवर धरला. काड्या उतरल्या. काढला. काड्या चढल्या. पुन्हा धरला. काड्या पुन्हा उतरल्या.

करणला दोन खेपांत जे सापडलं नाही ते तिला तिथं खाटेवर बसून सापडलं.

तेवढ्यात वाल्मिक आणि आक्काबाई डबा घेऊन आले. वाल्मिकचे डोळे लाल. "त्या करणच्या दुकानात जातो आता," तो म्हणाला. "दोनदा फोन खोलला भाड्यानं. काय केलं त्यानं? फोडतोच त्याला."

"त्याचा काय दोष न्हाई," निकिता म्हणाली.

"मग कुणाचा?"

आक्काबाई खाटेच्या कडेला टेकली होती. कानूचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत होती. निकितानं तिच्याकडं बघितलं. पत्रा निकिताच्या मुठीत होता.

"टावरचा," ती म्हणाली.

"नाथ हाय ना गं जागेवर?" आक्काबाईनं विचारलं.

"हाय, आत्या. उशाला ठिवलाय. फोनपेक्षा ह्यालाच जास्त गरज हाय आता."

म्हातारीनं मान हलवली. तिला पटलं.

आता आम्ही घरी आहोत. पत्रा देवळीत आहे, रोज हळदकुंकू वाहतात. माझ्यावर कव्हर नाही, काहीच नाही. घरात दोन काड्या असतात. नगरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हाताच्या व्यायामाचे व्हिडिओ पाठवलेत, ते मी कानूला दाखवतो. तो माझ्याकडं बघतो आणि बोलतो का असं आता विचारत नाही.

माझं तुम्हाला एकच मागणं आहे. घरात बाकीच्यांना रेंज आहे आणि एकाच फोनला नाही असं झालं, तर आधी त्याची पाठ बघा. आत काय ठेवलंय ते बघा. माणसं आमच्या पाठीवर काय काय ठेवतात, फोटो, नोट, चुंबक, देव. सगळं मायेनंच ठेवतात. देव देवळीत ठेवा, पोराच्या गळ्यात घाला, माझ्या कानावर नको. आणि दुरुस्तीला द्याल तेव्हा घरी जसा वापरता तसाच द्या. मुठीत काही राहू देऊ नका.

निकिता हे कुणाला बोलली नाही. तिच्याशिवाय मलाच ठाऊक, आणि आता तुम्हाला.

रोज सकाळी चूल पेटायच्या आधी ती गहिनीनाथाला मिस कॉल देते. त्यालाही आता सवय झालीय, तो उचलत नाही. ती मला कानाशी धरून डोळे मिटून उभी राहते. पलीकडं रिंग जाते. आता रोज जाते.