सनोकच्या हातचा पेला

सकाळची ओहोटी लागली तशा गावातल्या बायका आपापल्या फळ्या घेऊन खाजणात उतरल्या. दोइमने डावा गुडघा फळीवर टेकला, उजव्या पायाने चिखल मागे रेटला आणि ती किनाऱ्यापासून सरकत दूर गेली. पाठोपाठ तिची थोरली लेक सनोक. दोघींच्या अंगावर जुने स्वेटर, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल, आणि बोटं गारठ्याने बीटासारखी लाल. नव्या वर्षाच्या सणाला चार दिवस उरले होते. अशा दिवसांत शिंपल्यांना मागणी असते, म्हणून चिखल गोठायला आला तरी कुणी घरी बसत नाही.

या गावात डोंगर थेट समुद्रात उतरलेला. भात पिकतो तो चार वाफ्यांपुरता. डोंगराचा उन्हाकडचा उतार पूर्वजांच्या थडग्यांना दिलेला, सावलीकडचा जिवंत माणसांच्या जवाला. म्हणजे गावाचं खरं शेत खाजणच, आणि ते कसतात बायका. पण खाजणाचा हक्क नोंदलेल्या गावकीच्या वहीत एका घराचं एकच नाव असायचं, आणि ते पुरुषाचं. दोइमच्या घराचं नाव सांगदो. हा सांगदो, तिचा नवरा, गेल्या वसंतात वादळात होडीसकट गेला होता. दुसऱ्या दिवशी होडी मिळाली, आठव्या दिवशी तो.

भरती चढू लागली तशा मायलेकी परतल्या. घराच्या ओसरीवर थोरला दीर गिल्सोप बसलेला होता. सांगदोला मुलगा नव्हता, तीन मुलीच होत्या, आणि धाकटीचं नाव मालसून, म्हणजे शेवटची. आता मुली पुरे, असं दैवाला बजावण्यासाठी सासूने ते ठेवलं होतं. ती जन्मली तेव्हा बाळंतिणीचं शेवाळाचं सूपसुद्धा सासूने पाठ फिरवून ढवळलं होतं.

गिल्सोप काही दुष्ट माणूस नव्हता. सांगदो गेल्यावर या घराच्या छपराचं गवत त्यानेच बदलून दिलं होतं. त्याने शांतपणे सांगितलं, की भाऊबंदांची बैठक झाली आहे. त्याचा तिसरा मुलगा इन्थेक सांगदोला दत्तक जाईल. सणाच्या सकाळी पूर्वजांपुढे दारूचा पेला तोच धरेल, आणि सण उलटला की दोइमने दत्तकाच्या कागदावर सहीऐवजी आपला शिक्का उठवायचा. मग घर, वाफे आणि गावकीतलं नाव इन्थेकचं होईल.

"तुला भाताला कमी पडू देणार नाही, सनोकची आई," तो म्हणाला. "पोरी उद्या परक्या घरी जातील. सांगदोला घोटभर दारू द्यायला कुणीतरी नको का?"

दोइमने मान खाली घातली. त्याने तो होकार धरला आणि तो उठून गेला.

गावात याला कुणी अन्याय म्हणत नव्हतं, हेच खरं दुखणं होतं. सोंगसानवालीचं, म्हणजे सोंगसानहून लग्न होऊन आलेल्या एका विधवेचं, काय झालं ते साऱ्यांनी पाहिलं होतं. तिनेही असाच शिक्का उठवला. दत्तक पुतण्याने दोन वर्षांत घर विकलं आणि तो शहरात गेला. आता ती म्हातारी मिठागराच्या कोठारामागच्या खोपटात राहत होती आणि लोकांच्या ओसरीवर बसून लसूण सोलून द्यायची. तिला वाटीभर भात देताना गाव स्वतःला दयाळू समजत होतं. तिला त्या खोपटात कुणी नेऊन बसवलं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

तीन दिवस दोइमने सणाचा स्वयंपाक केला. मासे वाफवले, मुळा-पालक शिजवला, पिठात घोळून भोपळा तळला, तांदळाच्या लांब वड्यांच्या चकत्या कापल्या, शिंपले उकडून सोलले. सनोक चुलीपाशी होती. एकदा ती एवढंच म्हणाली, की इन्थेकदादाला बाबांच्या खांद्यावरचा डाग कुठल्या बाजूला होता तेही माहीत नसेल. आठव्या दिवशी त्या डागावरूनच तिने बापाला ओळखलं होतं. बाकीचं अंग ओळखण्याजोगं उरलं नव्हतं. दोइमच्या हातातली सुरी थांबली.

सणाच्या सकाळी भाऊबंद जमले. भिंतीला पडदा लावला, सांगदोचं नाव लिहिलेली कागदाची पट्टी उभी केली, समोर पानं मांडली. पुरुष खोलीत, बायका स्वयंपाकघरात. इन्थेक पुढे येऊन गुडघ्यांवर बसला. बंदरात गोदीवर काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा, नव्या कोटात अवघडलेला. त्याने पेला उचलला, तेवढ्यात दोइम हात पुसत खोलीत आली.

"पेला खाली ठेव बाळा," ती म्हणाली. "सनोक ओतेल."

गिल्सोपला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. त्याने समजावलं, की मुलीच्या हातचं पूर्वज घेत नाहीत. हे काही आजचं नाही.

"थोरले भावजी, हे शिंपले सनोकने काढलेत," दोइम म्हणाली. "मासे तिने साफ केले, भात तिने रांधला. ते सगळं पूर्वजांना तिच्या हातचं चालतं. मग घोटभर दारूच कशी चालत नाही?"

"असले प्रश्न बाईमाणसाने विचारायचे नसतात."

"मी वीस वर्षं नाहीच विचारले. त्यांचं प्रेत ओळखायला सनोक पुढे गेली होती. तुम्ही सगळे किनाऱ्यावर तोंड फिरवून उभे होता. तेव्हा कुणी म्हणालं का, मुलगी आहे, मागे हो? शिक्का मी उठवणार नाही. आजही नाही आणि सणानंतरही नाही."

कुणीतरी खाकरलं. इन्थेकने बापाकडे पाहिलं, मग पेला हळूच खाली ठेवला आणि तो भिंतीला जाऊन उभा राहिला. गिल्सोप उठला. "या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही," म्हणाला आणि निघाला. त्याच्यामागून एकेक करत सगळे गेले. शेवटी इन्थेकही गेला, पण जाताना पट्टीपुढे वाकून गेला.

दोइमने त्यांच्यासाठी वाट्यांत वाढलेलं सूप पुन्हा पातेल्यात ओतलं. सनोक पुढे बसली. तिने पेल्यात दारू ओतली, थोडी सांडली. तिघी बहिणींनी कपाळ जमिनीला टेकवलं. मग दोइमनेही.

गावकीने याची किंमत वसूल केली. सांगदोचं नाव वहीतून खोडलं आणि दोइमला शिंपल्यांची खाजणं बंद झाली. दोन हिवाळे ती आणि सनोक लांबच्या, कुणाच्या नसलेल्या चिखलात हाताने बिळं उकरून लहान ऑक्टोपस धरत राहिल्या. तिथे भरती दबा धरून येते, म्हणून कुणी जात नाही. काही बायकांनी दोइमशी बोलणं टाकलं. काहींनी नवऱ्यांच्या नकळत तिच्या दारात मुळ्याची जुडी ठेवली. सनोकला आलेलं एक स्थळ मोडलं. धीर सुटावा असेच ते दिवस होते, आणि एकदा सुटलाही. मधल्या मुलीने आईला कोठीत रडताना पाहिलं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर गावकीची बैठक भरली. दोइम त्या दिवशी पुरुषांत जाऊन बसली. तिच्या मागून आणखी एक विधवा आली, मग मुलगा नसलेल्या दोघीजणी, नवऱ्यांच्या देखत. दोइमचं घर पुन्हा वहीत आलं नाही तर आपणही खाजणात उतरणार नाही, असं तिघींनी सांगितलं. कोण किती शिंपले काढतं हे वजनकाट्याला ठाऊक होतं. दोइमपाठोपाठ या तिघीही गेल्या तर माल किती घटेल, हे वहीवाल्यालाही ठाऊक होतं. बराच वेळ घासाघीस झाली. अखेर गिल्सोपच, दोइमकडे न बघता, म्हणाला, "लिहून टाका. पोरी उपाशी ठेवून सांगदोला काय शांती मिळणार आहे."

वहीवाल्याने लेखणी उचलली आणि सवयीने लिहू लागला, सांगदोची बायको.

"ते नको," दोइम म्हणाली. "माझं नाव घाला. माहेरच्या आडनावासकट, मिन दोइम."

वहीवाल्याने मान वर केली. तेवीस वर्षं तो तिच्या शेजारी राहत होता, पण नाव कसं लिहायचं ते त्याला तिलाच विचारावं लागलं.