आल्प्सखालचा गोठा

मी एक जुना फ्लेक्स आहे. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावात मला फ्लेक्स कुणी म्हणत नाही, डिजिटल म्हणतात. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. मित्रांनो, माझी गोष्ट सुरू करण्याआधी धैर्यशीलदादांना काय काय मिळणार होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. विमानातून आठ दिवसांची सहल. अंगात नवा कोट. आल्प्सच्या घाटमाथ्यावर उभं राहून फोटो. परतल्यावर मिरवणूक. आणि दोन महिन्यांनी होणाऱ्या दूध संस्थेच्या निवडणुकीत संचालकाची खुर्ची. यातल्या एकाही गोष्टीसाठी त्यांना म्हशीच्या सडाला हात लावावा लागणार नव्हता. तसा तो त्यांनी आयुष्यात कधी लावलाही नव्हता.

हात होते बाळाबाईंचे. दादांच्या थोरल्या भावाची, गुंडूआप्पांची ही बायको. आप्पा सहा वर्षांपूर्वी वारले आणि संस्थेतला त्यांचा सभासद नंबर दादांच्या नावावर गेला. "माझ्या नावावर का न्हाय?" असं बाळाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. संस्थेचे सेक्रेटरी अमरसिंह हसून म्हणाले, "घरातल्या घरातच हाय की, वैनी. नंबर कुठं पळून चाललाय?" नंबर पळाला नाही. नऊ म्हशींची धार बाळाबाईंनी काढायची, दुधाच्या बरण्या त्यांनी वाहायच्या, आणि पावतीवर नाव उमटायचं दादांचं.

मग जनावरांचं खाद्य विकणाऱ्या एका कंपनीनं जाहीर केलं की वर्षात सगळ्यांत जास्त दूध घालणाऱ्या सभासदाला आल्प्स दाखवू. संस्थेच्या संगणकाला नंबर ठाऊक, नंबराला नाव ठाऊक. हाताचे घट्टे संगणकाला दिसत नाहीत, त्याला बिचाऱ्याला कशाला बोल लावा?

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका छपाईच्या दुकानात झाला. नागसेन नावाचा तरुण तिथं संगणकावर बसतो. दादा सहलीला निघायच्या चार दिवस आधीच त्याच्यापुढे येऊन बसले.

"दादा, जाऊन तर या," नागसेन म्हणाला. "तिथला फोटो आणा, मग छापू."

"आल्यावर छापून काय उपेग? आलो की मिरवणूक. डिजिटल आधी लागलेलं पायजे."

नागसेननं कुठून तरी घाट शोधून काढला. पांढरी शिखरं, निळंशार आभाळ, नागमोडी रस्ता. भाच्याच्या लग्नातला दादांचा फेटा बांधलेला, तोंडभर हसतानाचा फोटो त्यानं कापला आणि ऐन कड्यावर उभा केला. लग्नाच्या फोटोत पाय आलेच नव्हते, म्हणून दादांपुढं त्यानं रानफुलं लावली. त्या घाटाचं नाव दोघांनाही धड म्हणता येईना, तेव्हा नुसतं 'आल्प्स' छापलं.

"शेजारी कुणी घ्यायचं?" नागसेननं विचारलं. "म्हशींचं करणारं माणूस?"

"टाक की एक म्हैस."

"म्हैस न्हाय दादा, माणूस म्हणतोय मी."

"मग मी काय हाय?"

नागसेननं गुपचूप म्हैस टाकली. गिऱ्हाइकाचं तोंड जेवढं मोठं तेवढं ते छापून द्यायचं, हाच त्याचा धंदा. मलाही तेव्हा वाईट वाटलं नाही. शाई ओली होती आणि रंग उजळ होते. त्या वयात कुणाच्या पोटावर पाय देऊन आपण उभे आहोत याचा विचार कोण करतो?

दूध संस्थेसमोरच्या चौकात मला बांबूंवर ताणून बांधलं. लोक थांबून बघायचे. मुलं खाली उभी राहून फोटो काढायची. कुणीतरी मला हारही घातला. तिथून समोर बाळाबाईंचा गोठा दिसायचा आणि गोठ्यात पहिल्याच दावणीला हरणी दिसायची.

हरणी बाळाबाईंची माहेरची म्हैस. आप्पा गेल्यावर वडिलांनी पाठवलेली. नऊ म्हशींत तिचाच कानातला बिल्ला तेवढा बाळाबाईंच्या नावाचा होता. ती गाभण होती, आठवा महिना. एका संध्याकाळी माझ्या सावलीत उभं राहून बाळाबाई अमरसिंहांना म्हणाल्या, "हरणी व्याली की मला येगळा नंबर पायजे."

"नियमात बसतंय," अमरसिंह म्हणाले. "जित्राब सोताच्या नावावर आनि दुधावर पायजे, एवढंच. व्याली की अर्ज आणा."

अर्ज बाळाबाईंनी त्याच आठवड्यात लिहून घेतला. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली. घडी करून तो हरणीच्या दावणीवरच्या वाशात खोचला. येताजाता त्या वाशाकडे बघायच्या, तान्ह्या पोराच्या पाळण्याकडे बघावं तशा.

तिकडे दादा घाटमाथ्यावर पोचले. त्यांचा व्हिडिओ कॉल आला तो माझ्याच खाली, कट्ट्यावर बसून सगळ्यांनी पाहिला. दादा कुडकुडत होते आणि त्यांच्यामागं नुसतं पांढरं होतं.

"दादा, डोंगर कुठाय?" कट्ट्यावरून एकानं फोनवर विचारलं.

"ह्ये काय, मागं. धुक्यात हाय."

"मग आपल्या गगनबावड्याच्या घाटातच जायाचं की! गरम भजी तरी मिळाली असती."

कट्टा खदखदून हसला. चाळीस मिनिटं दादा त्या घाटात होते. त्यातली वीस मुतारीच्या रांगेत गेली आणि उरलेली दुकानात. जगभरातून माणसं जो देखावा बघायला जातात तो त्यांना दिसलाच नाही. माझ्यावर मात्र लख्ख ऊन होतं. दुकानातून त्यांनी पितळेची एक मोठी घंटा घेतली आणि बाळाबाईंनाही तसाच फोन लावला.

"वैनी, हितल्या गाईंच्या गळ्यात घंटा असत्यात. हरणीला आणतोय."

"घंटंवाचून तिचं काय अडलंय, भावजी? कोटाची बटनं लावा तुमी. गार दिसतंय तिकडं."

दादा परत आले. आता मिरवणूक आली, आणि कोल्हापूरच्या बाजूला मिरवणुकीला म्हैस लागते. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी सजवतात आणि मोटरसायकलच्या मागं पळवतात, तसंच दादांना हवं होतं. वेशीपासून माझ्यापर्यंत पुढे गाडीवर दादा, मागं घंटा बांधलेली हरणी.

"आठवा महिना हाय, भावजी," बाळाबाई गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दुसरी कुठली बी न्या."

"विक्रमी दूध हरणीचं, आनि मिरवू दुसरीला? पाडव्याला पळत न्हवती का?"

"पाडव्याला पोटात काय न्हवतं तिच्या."

"पळवतोय कुठं? चालवायची नुसती. वैनी, सगळं गाव खोळंबलंय. पावणं आल्यात कंपनीचं. दावं द्या."

गाव खरोखरच बघत होतं. आरत्या घेतलेल्या बायकाही बघत होत्या.  बाळाबाईंनी दावं दिलं, पण सोडलं नाही. एक टोक हातात धरून त्या हरणीबरोबर निघाल्या.

वेशीपासून निम्म्या वाटेपर्यंत नीट चाललं. पाऊल टाकलं की गळ्यात घंटा आदळायची आणि हरणी दचकायची, तेवढंच. मग दादांनी गाडीचा आवाज केला. त्याच वेळी कुणीतरी माझ्या पायाशी अंथरलेली फटाक्यांची माळ पेटवली. हरणी उधळली. बाळाबाईंच्या तळहाताची साल काढून दावं सुटलं. जितकी ती पळे तितकी घंटा वाजे, आणि जितकी घंटा वाजे तितकी ती पळे. चौकातल्या सिमेंटवर, बरोबर माझ्यासमोर, तिचे पाय घसरले आणि ती पोटावर आदळली.

लोकांना वाटलं, खेळातलंच आहे. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ फार लोकांनी पाहिला म्हणतात. त्यात मागं मी दिसतो, सुंदर दिसतो.

तिसऱ्या दिवशी हरणी गाभडली. रेडी होती, मेलेली. डॉक्टर म्हणाले, आता ही पुन्हा गाभ धरायची नाही. महिन्याभरानं दादांनी हरणीला विकायला टेम्पो बोलावला. बाळाबाई गोठ्यातून बाहेर आल्या नाहीत. फळी लावण्याआधी दादांनी हरणीच्या गळ्यातली घंटा काढून घेतली. "परदेशी वस्तू हाय," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. ती आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

दादा बिनविरोध निवडून आले. नवा फ्लेक्स लागला आणि मी उतरलो. दोन दिवस गटाराकडेला पडून होतो. मग दादांनीच मला उचलून गोठ्याच्या गळक्या छपरावर पालथं टाकलं. "वैनी, म्हशी आता आल्प्सखाली! बघा, दूध वाढतंय का न्हाय." बरोबरची माणसं हसली. बाळाबाईंनी माझ्या चारी कडांवर दगड ठेवले.

अर्जावर तारीख घालून त्यांनी तो दिलाच. पंधरवड्यानं दादा स्वतः तो परत घेऊन गोठ्यात आले. खाली लाल शाईत 'नामंजूर' आणि त्याखाली त्यांचीच सही.

"माझ्या हातात असतं तर दिला असता, वैनी. नियम सगळ्यांस्नी सारखा. जित्राब कुठाय तुमच्या नावावर?"

बाळाबाई धार काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नियम चांगला हाय, भावजी. हरणीला म्हाईत असता तर पडली नसती."

 दादा कागद वाशात खोचून गेले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्यानं 'आमची निगा राखा' म्हणून हात जोडायचे असतात. माझी निगा राखू नका. मी प्लास्टिकचा आहे, तुमच्यानंतरही राहीन. पुढच्या वेळी कुणाचं तोंड असं चौकात टांगाल तेव्हा एवढंच विचारा, याच्या घरात धार कोण काढतं? आणि तिच्या हातातलं दावं मागू नका.

माझ्यात आता एकच भोक आहे. दादांच्या हसऱ्या तोंडाशीच पडलंय. पाऊस लागला की त्यातून टिपटिप गळतं, खाली बसून धार काढणाऱ्या बाळाबाईंच्या पाठीवर. आठ म्हशींचं दूध अजून दादांच्याच नंबरावर जातं. सहल दादांची झाली, खुर्ची दादांची, घंटा शोकेसची. भरलं ते हरणीनं, जग न पाहिलेल्या तिच्या रेडीनं, आणि जिनं दावं दिलं तिनं.