स्टेशनावर हसलं कोण?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. माझ्या अंगावर मरण कोरलेलं आहे, पण म्हणून मला घाबरू नका. त्यापेक्षा माझी हकिगत ऐका आणि चिडा. मी तर शंभर वर्षं चिडलेलाच आहे.

जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरच्या आग्नेसबाईंनी मला नासपतीच्या फळीतून घडवलं. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ठशावर जे लाकूड उरतं त्याला शाई लागते, आणि जे खरवडलं जातं ते कागदावर पांढरं उमटतं. बाईंनी माझ्यावर रेल्वे स्टेशन कोरलं. गाडीत चढणारी सैनिक पोरं, त्यांना निरोप देणारे लोक आणि मागे दात विचकून हसणारा मरणाचा सांगाडा.

शेजारच्या माटिल्डाबाई लोकांचे कपडे धूत. त्यांचा मुलगा कार्स्टन सतराव्या वर्षी पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. पहिला छाप पाहून त्या कडाडल्या, "अगं आग्नेस, मरण कुठं हसत होतं? मी होते ना तिथं! हसत होते शाळेचे हेडमास्तर. पोरांच्या बंदुकीत फुलं खोचत होते!"

आग्नेसबाईंनी सांगाड्याचं हसू खरवडून टाकलं आणि निरोप देणाऱ्यांत उभ्या असलेल्या हेडमास्तर ब्रुन्स यांच्या काळ्या चेहऱ्यावर हसण्याची बारीक रेघ कोरली.

हा छाप कार्स्टनच्या शाळेत, लढाईत मेलेल्या मुलांच्या नावांच्या पाटीखाली लागावा, एवढीच माटिल्डाबाईंची इच्छा होती. ते कळताच हेडमास्तर तणतणत आले.

"मरण हवं तेवढं भयानक काढा हो! मला कशाला मध्ये ओढता?"

"आमच्या पोरांना कुणी ओढलं मग?" माटिल्डाबाईंनी विचारलं.

हेडमास्तरांनी टेबलावरची सुरी उचलली आणि माझ्यावरचं स्वतःचं तोंड खसाखसा खरवडलं. "गेलं हसू! आता लावा खुशाल शाळेत!" असं म्हणून ते ताठ मानेने निघून गेले.

आग्नेसबाईंनी शाई लावून कागद दाबला आणि उचलला. हेडमास्तरांचं हसू या कानापासून त्या कानापर्यंत पांढरंशुभ्र पसरलं होतं. माटिल्डाबाईंनी तोच छाप शाळेत नेऊन लावला. परवानगी मिळालेली होतीच.

आता मी संग्रहालयात असतो. लोक अजून सांगाड्याकडेच बोट दाखवून "किती क्रूर!" म्हणतात. अरे, त्याने कुणाला फुलं दिली होती का?

मित्रांनो, उद्या कुणी मला दुरुस्त करायला आलं, तर हेडमास्तरांच्या तोंडावरची ती खाच बुजवू देऊ नका. कार्स्टनच्या आईला न्याय म्हणून तेवढाच मिळाला आहे.