पान दिसतंय ना?

आमची कंपनी शिलाई मशीन विकते आणि मी तिच्या वेबसाइटची पानं एकमेकांना जोडतो. सुईच्या पानावरून दोऱ्याच्या, दोऱ्याच्या पानावरून तेलाच्या. ज्या पानाकडे दुसऱ्या कुठल्याच पानावरून लिंक येत नाही, ते सर्च इंजिनच्या खिजगणतीत नसतं. आमच्या धंद्यात त्याला अनाथ म्हणतात. दिवसभर ही जोडाजोडी करून मी घरी जातो आणि सकाळी मीच लावलेलं कुलूप मीच उघडतो. बायकोला जाऊन चार वर्षं झाली.

सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं, "अनाथ पानं उडवा आणि त्यांचे पत्ते मुख्य पानाकडे वळवा." सत्तावीस निघाली. त्यातलं एक आमच्या जुन्या मिस्त्रींचं: मशीनशेजारी हसत उभ्या माणसाचा फोटो आणि खाली तेल कसं घालावं यावर दहा ओळी. रोज सकाळी अकराला एकच भेट. असेल कोणी रिकामटेकडा, म्हणत मी तेही उडवलं.

मंगळवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तक्रारीचा फोन माझ्या टेबलावर आला.

"अहो, मी रोज ह्यांना बघायला येते. आज ह्यांच्या जागी सवलतीची जाहिरात दिसतेय."

"कोणाला बघायला, काकू?"

"आमच्या ह्यांना. एकतीस वर्षं तुमच्याकडे मशीनं दुरुस्त केली त्यांनी. हसरा फोटो तेवढा एकच आहे. नातीने मोबाइलवर लावून दिला होता. आता ती लांब असते."

रिकामटेकडा म्हणे! माझी मलाच लाज वाटली. पाच मिनिटांत पान परत आणलं.

साहेब कुरकुरले. "कुठून तरी जोडा, नाहीतर पुढच्या सफाईत जाईल."

तेव्हा कुठे मी त्या दहा ओळी वाचल्या. 'मशीन कुरकुरायला लागलं की आधी तेल घाला, मग शिव्या.' रोज हजार माणसं येणाऱ्या आमच्या तेलाच्या पानावर इतकी कामाची एक ओळ नव्हती. तिथूनच लिंक दिली. साहेब वाचून हसले आणि पान राहू दिलं.

काकूंना कळवलं, "आता ते पान कोणी उडवणार नाही."

"बरं झालं हो. जेवलात का?"

चार वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. "हो," मी थाप मारली.

बुधवारी मिस्त्रींकडे चाळीस जण आले, गुरुवारी एकसष्ट. त्यात काकूंची भेट कोणती, ते आता ओळखू येईना. फोनही वाजला नाही. सगळं नीट दिसत असताना फोन करेल कशाला कोणी? काम चोख झालं होतं आणि मला रडू येत होतं. खोटं कशाला बोलू, पान दोन मिनिटं बंद करावं असंही मनात आलं. बोट बटणापर्यंत गेलं, पण धीर झाला नाही.

शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी मीच नंबर फिरवला.

"काकू, पान दिसतंय ना?"

"दिसतंय की." मग त्यांनीच विचारलं, "उद्या तुमचं ऑफिस बंद असेल ना? तरी विचाराल?"