डबा रिकामा नको

"चकल्या वाटून बिल्डिंगा मिळतात काय गं? बोल ना!"

इंद्रजितचा आवाज पार बाहेरच्या एसटीडी बूथपर्यंत गेला. त्याची बायको प्रियदर्शिनी गुपचूप स्टीलच्या डब्यात चकल्या रचत होती. आर्किटेक्ट बाई, कोपरखैरण्यात स्वतःचं ऑफिस, आणि बिल्डिंग म्हणाल तर एक नाही. दिवाळीत काम आलं नाही तर बोर्ड उतरवून परत जुन्या साहेबाच्या हाताखाली जायचं, असं ठरलेलं. तुर्भ्याची नोकरी सोडून तिचं ऑफिस सांभाळणाऱ्या इंद्रजितचं डोकं त्यामुळं कायम तापलेलं.

"गावातल्या मालतीकाकींना सिडकोचा प्लॉट मिळालाय. चार माळे उठणार. बाकीचे आर्किटेक्ट कलर नकाशे घेऊन गावात फिरतायत. आणि तू? त्यांची गळकी भिंत फुकट बघून दिलीस. काका आजारी पडले तर बाथरूमला धरायला दांडे लावून दिलेस. कामाचं एकदा तरी बोललीस?"

"काका गेले रे. त्यांच्या घरी यंदा फराळ तळायचा नाही. आपण न्यायचा असतो."

"ते मलापण माहितीय."

"मग देऊन ये. आणि तोंड बंद ठेव."

तोंड बंद ठेवलं त्यानं. पण वाटेत सायकल थांबवून चकल्यांखाली ऑफिसचं कार्ड सरकवलं. मागं पेनानं लिहिलं, 'प्लॅन, परवानगी, सगळं करून देऊ. बाकीच्यांपेक्षा स्वस्तात.' आणि वर शीळ घालत काकींकडं डबा देऊन आला.

दुसऱ्या दिवशी काकींचा मुलगा मिथुन डबा टेबलावर आपटून गेला. प्रियानं झाकण काढलं. आत फक्त कार्ड.

कुणाचा डबा असा रिकामा परत येत नसतो. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात लोक. प्रियानं कार्ड उलटं करून वाचलं. भांडली असती तर परवडलं असतं. तिनं स्टूल ओढून बोर्डाखाली ठेवलं आणि त्यावर बसून राहिली.

इंद्रजित डबा उचलून सुटला.

काकी ओट्यावर होत्या. दाराला कंदील नाही, रांगोळी नाही, काकांच्या चपला कोपऱ्यात तशाच. कालपण हे असंच होतं. त्याला दिसलंच नव्हतं.

"काय रं, भाव अजून कमी कराला आयलास?"

"नाय काकी. कार्ड मी टाकलं. तिला माहीतपण नव्हतं. काम द्या नायतर नका देऊ. पण तिचा डबा रिकामा नका पाठवू."

"यवरे दिस ती आयली, प्लॉटचा नाव नाय काडला. मना वाटला, ही पन सगल्यांसारकीच निंगाली. फकस्त दमानं आयली."

"सगळ्यांसारखा मी हाय. ती नाय."

काकींनी त्याच्या हातातला डबा घेतला. मग आत गेल्या. डबा आणला तर त्यात मूठभर तांदूळ आणि वर गुळाचा खडा.

"तिला सांग, सांजचे प्लॉटवं ये. घर कसा बांदाचा तं तीच सांगंल. तू आलास तं लांब सायकल धरून उबा रव."

"राहतो ना!"

"च्या तरी घे."

"नको काकी, ती तिकडं बोर्ड काढायला चढली असेल. मला आता निघायलाच पायजे."