जमिनीखालील हालचाल

माया मूळची पाटणची. सांगलीत आमच्या जैन समाजाच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करते आणि मी त्याच्या मागच्या बोळात राहते. वसतिगृहाच्या नव्या कमिटीने यंदा ठराव केला की स्वयंपाकघराची देखरेख जिच्याकडे असेल, ती बाई किमान आठवी पास हवी. देखरेख आजवर मायाच करत आली होती. फक्त तिची शाळा सहावीतच सुटली होती. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत ती पास झाली नाही, तर बाहेरून कुणीतरी येऊन तिच्या डोक्यावर बसणार होते.

कुंडलच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इतिहास आणि मराठी शिकवले. मायाला म्हटले, रोज दुपारी ये, मी शिकवते.

"येते की. पण नोट्स हायत बाई माझ्याकडं," ती म्हणाली आणि फोन पुढे केला. "तुमच्याच भरतेशदादांच्या."

भरतेश माझा भाचा. त्याचे कॉलेजजवळ झेरॉक्सचे दुकान आहे. आता तो फोनवर नोट्सही देतो: विज्ञान, इतिहास, मराठी, संगणक, सगळे विषय. रंगीत मथळे, चौकटी, कडेला फुले. पाहून मला कौतुक वाटले. आमच्या वेळी स्टेन्सिल कापून शाईच्या रुळाखालून एकेक पान काढायचो. हात आठवडाभर निळे राहायचे आणि पोरे पान आधी नाकाला लावायची. मी चष्मा लावून वाचायला बसले आणि कौतुक पहिल्याच पानावर संपले.

"प्राण्याचे शरीर असंख्य कोठड्यांचे बनलेले असते. वनस्पतीच्या कोठडीला भिंत असते. प्राण्याच्या कोठडीला भिंत नसते."

"मला तेच कळंना," माया म्हणाली. "भिंतच न्हाई तर कैदी पळून जाईल की."

"अगं, पेशी! कोठडी नव्हे, पेशी!"

संगणकाच्या नोट्समध्ये लिहिले होते की काम सुरू करण्याआधी संगणकाला बूट घालतात. यावर मायाचे समाधान झाले होते. वसतिगृहातल्या संगणकाच्या खोलीबाहेर मुलींना चपला काढायला लावतात, त्याचे कारण तिला आता समजले होते. मराठीच्या नोट्समध्ये आठ विभक्तींचे आठ खटले झाले होते आणि काळाचा ताण. "ताण तीन प्रकारचे असतात : भूत, वर्तमान व भविष्य."

"ह्ये मातुर बरोबर हाय," माया म्हणाली. "मागचा, आत्ताचा आन् म्होरचा. मला तिन्ही हायत."

मला हसू आले आणि लगेच रागही आला. मराठीचे व्याकरण इंग्रजीत नेऊन ते पुन्हा यंत्राकडून मराठीत आणायचे, असले काम माझ्या भावाच्या मुलाने करावे!

पण माझा खरा संताप इतिहासावर झाला. आमच्या सातारा भागातला बेचाळीसचा लढा, पत्री सरकार, माणसे घरदार सोडून भूमिगत झालेली. त्या भूमिगत चळवळीचे नोट्समध्ये नाव होते 'जमिनीखालील हालचाल'. मायाला मी त्यावर सरावाचे उत्तर लिहायला सांगितले होते. तिने लिहून आणले :

"बेचाळीस साली सातारा जिल्ह्यात जमिनीखाली मोठी हालचाल झाली. पुष्कळ घरे पडली. लोक थंडीत उघड्यावर झोपले. इंग्रज सरकार घाबरले."

"हा कोयनेचा भूकंप आहे, माया."

"मग? आमच्या आईनं सांगितलंय सगळं. भांडी फळीवरनं पडली, मांजर आधी पळालं."

"तो सदुसष्ट साली. मी कॉलेजात होते, कुंडलला आमचीसुद्धा पत्र्याची पेटी सरकली. बेचाळीस सालची ही माणसं होती. माणसं!"

मग मी तिला सारे सांगितले. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. आईने सांगितलेले मला पाठ आहे. आमचे जैनांचे घर. सूर्य मावळायच्या आत जेवणे होत आणि चूल विझे, ती सकाळपर्यंत पेटत नसे. पण रात्री मळ्याकडून कुणी भूमिगत खोकला की आई चूल पेटवायची. भाकऱ्या थापून धडप्यात बांधून द्यायची. वडील म्हणत, "आपण खात नाही, त्यांना तरी उपाशी का ठेवायचं?" आई सकाळी देवळात जाऊन प्रायश्चित्त घ्यायची आणि पुन्हा कुणी खोकला की पुन्हा पेटवायची.

माया हनुवटीवर हात टेकून ऐकत होती. मला वाटले, पोचले.

"लय भारी हाय बाई," ती म्हणाली. "पण छापलेलं तर दुसरंच हाय की. आन् पेपर तपासणाराबी ह्याच नोट्स वाचत असंल तर?"

मी तशीच रिक्षा करून भरतेशच्या दुकानात गेले. फोनमधली पाने आधीच छापून घेऊन सगळ्या चुकांवर लाल पेनने खुणा केल्या होत्या, ती बरोबर नेली.

"आत्या, बस की. चहा सांगतो," तो म्हणाला.

"चहा नको. ही पानं आत्ता नीट कर."

त्याने पाने चाळली. 'बूट घालतात' वाचून तो मोठ्याने हसला, शेजारच्या दुकानदारालाही वाचून दाखवले. मला वाटले, लाज वाटेल. त्याला गंमत वाटली.

"मशीन करतंय आत्या हे. एवढी पानं कोण वाचत बसणार?"

"पोरं वाचतात!"

"पोरं कुठली वाचतात? नुसती डाउनलोड करतात. तू लय ताणतेस बघ."

"तुझ्या आजीनं ज्यांना भाकऱ्या दिल्या त्यांना तू जमिनीत गाडलंस, भरतेश."

तेव्हा तो जरा वरमला. "टाकतो दुरुस्त करून. परीक्षेच्या आधी टाकतो," म्हणाला.

मी रोज मायाचा फोन उघडून बघत होते. हालचाल जमिनीखालीच होती. भरतेशला फोन केला की तो म्हणायचा, "टाकतोय की." शेवटी तो माझा फोन उचलेनासा झाला.

इतिहासाच्या पेपराला मी केंद्राबाहेर जाऊन उभी राहिले. माया घामेजून बाहेर आली, पण चेहरा खुशीत.

"आला बाई तुमचा प्रश्न! भूमिगत चळवळीची माहिती लिहा."

"काय लिहिलंस?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

"आदी तुमचं लिवलं. रातच्याला जैनांच्या घरात चूल पेटली, भाकरी दिली, सगळं. मग पयाटं जमिनीखाली हालचाल झाली आन् घरं पडली. तुमचंबी आलं, मोबाईलचंबी आलं. कुणाला वाईट वाटाय नको."

मी तिथेच कट्ट्यावर बसले. तिने मला बाटलीतले पाणी पाजले.

निकाल लागला आणि माया पास झाली. तपासणाऱ्याने कशाला गुण दिले, चुलीला की भूकंपाला, देव जाणे. कमिटीने तिला कायम केले. ती पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली, आणि मला खरोखर आनंद झाला. मग तिने फोन काढला. भरतेशच्या नोट्सच्या पहिल्या पानावर, फुलांच्या चौकटीत, तिचा फोटो झळकत होता. खाली लिहिले होते : 'आमच्या नोट्समुळे यश.' मी पुढची पाने उघडली. कोठड्या, बूट, खटले, सगळे जागच्या जागी.

"चांगला आलाय न्हवं फोटो?" मायाने विचारले. मी 'हो' म्हटले. दुसरे काय म्हणणार?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पाटणहून तिची वहिनी साळूबाई. मायाचे पाहून तिनेही फॉर्म भरला होता. भरतेशच्याच नोट्स.

"व्हय वैनी... त्ये जमिनीखालचं व्हय?" माया म्हणाली. "त्याला घाबरू नका. दोन्ही लिवायचं. येक तरी बसतंयच."

मी हात पुढे केला. तिने फोन दिला.

"साळूबाई, मी मायाची बाई बोलतेय. गॅस बंद करून बसा, सगळं सांगते."

"आवं बाई, येवढं कुटं लिवत बसू? पॉइंट सांगा, बाकी नोट्समदी हाय."

मी खुर्ची ओढून घेतली.

"पॉइंट एकच आहे," मी म्हटले. "सूर्य मावळला होता, आणि माझ्या आईने चूल पेटवली."