सुटलेले तीन टाके

"मावशी, अगदी खरं सांगायचं हं! आमच्या तिघींत होडी सगळ्यात भारी कोण चालवतं?"

हा प्रश्न माझा नव्हे. म्हणजे विचारला मीच, पण "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं रेडिओ म्हणाली म्हणून. रेडिओ म्हणजे माझी मैत्रीण, उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. शिडाची होडी तिच्या मावशीची. मावशींनी वीस वर्षं फेरीबोट चालवलीय. सुट्टीत चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत भटकायचं आणि शेवटच्या दिवशी जी सगळ्यात चांगली चालवेल तिने होडी बंदरात आणायची, असा त्यांचा नियम.

मी बेधडक विचारलं, कारण उत्तर मला ठाऊकच होतं. मीच! माझे बाबा शिडं शिवतात. मी रांगायला शिकले तीच शिडाच्या कापडावर. या होडीचं शीडसुद्धा आमच्याच कारखान्यातलं.

मावशींनी कलिंगडाची बी पाण्यात थुंकली. "मुंगी," त्या म्हणाल्या.

मुंगी! हजेरी देताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही ती मुंगी!

"आणि मी?"

"तू सुकाणू धरलंस की वर शिवण बघत बसतेस. होडी वाऱ्यात तोंड घालून उभी राहते. ती बघ, कानांनी वारा ऐकते."

मुंगी खरंच डोळे मिटून बसली होती आणि होडी अशी अलगद चालली होती की ताटलीतली फोडसुद्धा हलत नव्हती. माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू! पाणी निळंशार, मासे उड्या मारतायत, रेडिओ बेसूर गातेय, आणि मला आपली दिसतेय फक्त मुंगीची ती शहाणी मान. दोन दिवस तेच.

शेवटच्या सकाळी शीड मी उघडलं. कडेला तीन टाके सुटलेले. सुटलेला टाका दिसला की हातातला घास खाली ठेवून तो शिवायचा, ही बाबांची शिकवण. सुईदोरा माझ्या खिशातच होता. मी खिशाची चेन लावून टाकली. फाटू दे. तिच्याच हातात फाटू दे.

सुकाणू मुंगीकडे होतं. बंदर समोर दिसायला लागलं, वारा वाढला आणि फर्रर्र! शीड हातभर फाटलं.

"माझंच चुकलं. मीच जास्त ताणलं," असं म्हणत मुंगी रडायला लागली. मी शीड उतरवून वीस मिनिटांत शिवलं. मावशींनी खूश होऊन सुकाणू माझ्या हातात दिलं. धक्क्याला लागेपर्यंत रेडिओ माझ्या नावाने ओरडत होती. आणि मुंगी लाल डोळ्यांनी टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांचाही मला हेवा वाटला. मला नसत्या जमल्या.

पक्कं शिवायला म्हणून शीड घरी आणलं. बाबांनी ते कारखान्याच्या फरशीवर पसरलं. कापड बेतणारी माझी आई चष्मा लावून वाकली. "अगं, काय सुरेख टाके घातलेस!"

बाबा मात्र फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवत होते. "या तीन टाक्यांची टोकं पिंजलीत. बाकीची करकरीत, आजची. म्हणजे हे तीन आधीच सुटले होते. सकाळी शीड कोणी उघडलं?"

"मी."

"तुला दिसलं नाही?"

"अहो, घाईत राहिलं असेल," आई म्हणाली.

रेडिओची मावशी, रेडिओ, मुंगी, सगळ्यांपुढे खपलं होतं. इथेही खपलं असतं. पण बाबांचा अंगठा तिथून हलेचना.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "मुद्दाम नाही शिवलं. फाटावं, तेही मुंगीच्या हातात, असं वाटत होतं."

आईने चष्मा काढला.

"उद्या सकाळी मी मुंगीच्या घरी जाणार आणि तिला सगळं सांगणार. तिथून मावशींकडे. होडी पुन्हा बाहेर काढायला लावणार आणि बंदरात मुंगीच आणणार. अजून जळतेय मी तिच्यावर, आई. खूप जळतेय. पण जाणार."